बारावीचं अर्थशास्त्र आणि सगळे घाईत गिळतात ते चार शब्द

माझी भाची यंदा बारावी आर्ट्सला, सांगलीतच असते, आणि दिवाळीच्या सुट्टीत अर्थशास्त्राचं पुस्तक बगलेत मारून आमच्याकडं आली ती तोंड पाडूनच. सहामाहीत मागणीचा नियम शब्दन् शब्द लिहिलाय, आकृती काढलीय, पट्टीनं रेघ मारलीय, आणि त्याच्या पुढच्याच प्रश्नाला भोपळा. प्रश्न होता सहमत-असहमतचा. "सोन्याचे दर वाढले तरी सोन्याची मागणी वाढली, म्हणून मागणीचा नियम चुकीचा आहे." हिनं लिहिलं सहमत. म्हटलं का गं? तर म्हणे, "मामा, खरंच आहे की. दर वाढलेत आणि सराफाकडं जाऊन बघ, पाय ठेवायला जागा नाही."

मला हसू आलं कारण तिच्या वयात मी पण हेच लिहिलं असतं. आमच्याकडं सोनं म्हणजे घरचाच विषय, विटा-आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पसरलेली, त्यामुळं दर वाढला की काय होतं हे सांगायला पुस्तक लागत नाही. पण गंमत अशी की प्रश्न काढणाऱ्यानं तिथंच सापळा लावलेला असतो, डोळ्यांना दिसतं ते खरं असतं आणि तरीही उत्तर "असहमत" असतं.

आता तो नियम परत वाचा. आल्फ्रेड मार्शल नावाच्या इंग्लंडच्या प्राध्यापकानं १८९० साली तो आपल्या ग्रंथात नीट मांडला, आणि आपल्या पुस्तकात तो साधारण असा येतो: इतर परिस्थिती कायम असताना, किंमत वाढली की मागणी कमी होते आणि किंमत कमी झाली की मागणी वाढते. पोरं "किंमत वाढली की" इथनं पाठ करायला लागतात. पहिले चार शब्द म्हणजे आरतीच्या आधीचं "जय देव जय देव" असल्यासारखे तोंडातून जातात, अर्थ कुणी बघत नाही. आणि सगळी भानगड त्या चार शब्दांत आहे.

इतर परिस्थिती म्हणजे काय काय? लोकांचं उत्पन्न, आवडनिवड, पर्यायी वस्तूच्या किंमती, पूरक वस्तूच्या किंमती, लोकसंख्या, पुढं दर काय होईल याचा अंदाज, सरकारचा कर. हे सगळं गोठवून ठेवायचं, आणि मग फक्त किंमत हलवून बघायची. सोन्याच्या बाबतीत यातलं काही गोठलेलं आहे का? लगीनसराई आलीय, उसाचं बिल जमा झालंय, आणि "अजून वाढणार, आत्ताच घेऊन टाकू" हे प्रत्येकाच्या डोक्यात आहे. म्हणजे एकाच वेळी तीन गोष्टी हलल्या आणि किंमत ही चौथी. मग मागणी वाढली ती किंमत वाढली "म्हणून" नाही, किंमत वाढली "तरी", बाकीच्यांनी तिला ढकललं म्हणून. नियम मोडलाच नाही, नियमाची अट पाळली गेली नाही एवढंच. (आणि हो, किंमत वाढली की मागणीही वाढते अशी जी गिफेनची वस्तू पुस्तकात अपवाद म्हणून येते, ती ही म्हणून ठोकून देऊ नका. गिफेनचा विरोधाभास हलक्या प्रतीच्या, गरिबाच्या रोजच्या खाण्यातल्या वस्तूचा आहे, सोनं त्यात कुठं बसतंय.)

एवढं सांगितलं तर तिला पटल्यासारखं झालं पण खरं पटलं नव्हतं, मान डोलावणं वेगळं. ते पटलं दुसऱ्या दिवशी, आणि माझ्यामुळं नाही, आमच्या आण्णांमुळं.

आण्णा आमचे सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, सगळी नोकरी तिथंच झाली. त्यांच्या जुन्या खाजगी वह्या अजून माळ्यावर आहेत, त्यात रोजच्या सौद्याच्या नोंदी, तारीख, किती पोती निघाली, काय दरानं गेली. भाचीनं त्यातला एक हंगाम घेतला, आलेखाचा कागद घेतला, उभ्या अक्षावर दर, आडव्या अक्षावर पोती, आणि एकेक दिवसाचा एकेक ठिपका द्यायला बसली. तिची अपेक्षा अशी की ठिपके जोडले की पुस्तकातली ती डावीकडून उजवीकडं उतरती रेघ आपोआप दिसणार. तासाभरानं कागद घेऊन आली. कागदावर मुंग्या सांडल्यासारखे ठिपके. उतरती नाही, चढती नाही, कसलीच रेघ नाही.

आण्णांनी चष्मा लावला आणि कागदावर बोट ठेवून एकेका ठिपक्याचा पत्ता सांगायला सुरुवात केली. "हा का खाली आलाय? त्या दिवशी ढगाळ हुतं, माल ओलसर, मोडून बघितला की गाभा काळपट दिसायचा. आन् हा वरचा? ही निव्वळ राजापुरी जातीची हळद हाय, कुंकवासारखी. ह्याच्या शेजारचा परपेठ मालाचा, बाहेरच्या पेठेतनं आलेल्या, त्याचा ह्याचा दर एक कसा आसंल पोरी? ही बारकी आवक, त्या दिवशी गाड्याच आल्या नव्हत्या. आन् हितनं पुढं सगळंच वर गेलंय, कारण बाहेरनं मागणी निघाली."

म्हणजे त्या कागदावर प्रत्येक ठिपक्याला इतर परिस्थिती वेगळी. मागणीची रेघ नावाची वस्तू बाजारात कुणाला कधी दिसत नाही. बाजारात दिसतो तो फक्त ठिपका, म्हणजे त्या दिवशीची मागणी आणि त्या दिवशीचा पुरवठा जिथं एकमेकांना भेटले ती जागा. दुसऱ्या दिवशी दोघंही थोडे सरकलेले असतात, भेटायची जागा बदलते. पुस्तकातली रेघ ही "समजा त्याच दिवशी, त्याच मालाला, त्याच गिऱ्हाइकांसमोर दर वेगवेगळा सांगितला असता तर किती पोती उचलली असती" याचं उत्तर आहे. सगळ्या अर्थशास्त्रात मला हीच गोष्ट सगळ्यात अवघड वाटते आणि ही कळली की निम्मं पुस्तक आपोआप सुटतं असं माझं प्रामाणिक मत.

उदाहरणार्थ तो नेहमीचा फरक स्पष्ट करा, मागणीतील विचलन आणि मागणीतील बदल. पोरं इथं हमखास गडबडतात कारण आपण बोलताना दोन्हीला "मागणी वाढली" असंच म्हणतो. फक्त किंमत हलली आणि त्यामुळं मागणी कमी-जास्त झाली तर ते विचलन, त्यात विस्तार आणि संकोच. आपण त्याच रेघेवरून खाली किंवा वर चालतो, घाटाच्या पायऱ्या चढल्या-उतरल्यासारखं. पण किंमत तीच असताना इतर परिस्थितीतलं काही हललं, पगार वाढला, सण आला, फॅशन बदलली, तर तो बदल, त्यात वृद्धी आणि ऱ्हास, आणि तिथं अख्खी रेघच उचलून उजवीकडं किंवा डावीकडं ठेवावी लागते. प्रश्न आला की आधी एवढंच विचारायचं, काय हललं? किंमत, का किंमत सोडून दुसरं काही? सोन्याच्या प्रश्नात दोन्ही हललं होतं. रेघ उजवीकडं गेली, आणि नव्या रेघेवर आपण थोडं वर चढलो. झालं उत्तर.

जाता जाता एक तक्रार. गणितात आपण शिकतो की जी गोष्ट आधी हलते ती आडव्या अक्षावर आणि तिच्यामुळं जी हलते ती उभ्या अक्षावर. अर्थशास्त्रात किंमत आधी हलते म्हणतात आणि तिला उभ्या अक्षावर बसवतात. ज्यांचं गणित चांगलं आहे तीच पोरं इथं जास्त गोंधळतात आणि त्यांना वाटतं आपलंच चुकतंय. चुकत नाहीये तुमचं, मार्शलनं तशी आकृती काढली आणि सगळ्या जगानं तीच गिरवली. रुळलंय म्हणून चालवून घ्यायचं.

आता लवचिकता, म्हणजे किंमत हलली की मागणी किती हलते त्याचं माप. धडा बघून पोरांच्या पोटात गोळा येतो कारण पाच प्रकार, पाच आकृत्या आणि वर सूत्र. सूत्र म्हणजे मागणीतला शेकडा बदल भागिले किंमतीतला शेकडा बदल, बास. मी तिला भडंगाचं उदाहरण दिलं, सांगलीत दुसरं काय देणार. समजा एका दुकानात भडंग २०० रुपये किलो, दिवसाला ५० किलो जातं. मालकानं भाव २२० केला, म्हणजे १० टक्के वाढ. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात सटकलं आणि खप ४० किलोवर आला, म्हणजे २० टक्के घट. २० भागिले १०, लवचिकता २. एकपेक्षा जास्त, म्हणून जास्त लवचीक मागणी. आता गल्ला बघा, आधी १०,००० रुपये यायचे, आता ८,८००. भाव वाढवला आणि गल्ला कमी झाला.

मिठाचं बघा. पुडा २० चा २२ झाला, तीच १० टक्के वाढ. आधी १०० पुडे जायचे, आता ९८. घट २ टक्के, लवचिकता ०.२, कमी लवचीक. गल्ला २,००० वरून २,१५६. भाव वाढवला आणि गल्ला वाढला. मीठ महागलं म्हणून आमटी अळणी कोण खातंय, आणि मिठाला पर्याय नाही, महिन्याच्या खर्चात त्याचा वाटा पण चिमूटभरच. एकूण खर्च पद्धत म्हणून जे पुस्तकात दिलंय ते हेच, गल्ला कुठल्या बाजूला गेला एवढं बघायचं. किंमत आणि गल्ला उलट्या दिशेला गेले तर जास्त लवचीक, एकाच दिशेला गेले तर कमी लवचीक, गल्ला जिथल्या तिथं राहिला तर एकक लवचीक. उरलेले दोन टोकाचे प्रकार. संपूर्ण अलवचीक म्हणजे किंमत काही करा, मागणी ढिम्म, तिथं रेघ उभी. संपूर्ण लवचीक म्हणजे चालू किंमतीला कितीही खपेल पण त्याच्यावर पैसा सांगितला की गिऱ्हाईक शून्य, तिथं रेघ आडवी.

ही आडवी रेघ पोरांना खोटी वाटते, असं कुठं असतंय म्हणतात. असतं की, आपल्या घरात असतं. टोमॅटो करणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. मार्केटला कॅरेट ३०० रुपयांनी निघत असलं तर त्याचे दहा असोत नाहीतर शंभर, ३०० नीच जाणार. त्यानं ३१० मागितले तर व्यापारी शेजारच्या ढिगाकडं वळणार. पुस्तक ज्याला पूर्ण स्पर्धा म्हणतं, असंख्य विक्रेते, एकजिनसी वस्तू, विक्रेता किंमत ठरवत नाही नुसती स्वीकारतो, ते हे. तर त्या एकट्या शेतकऱ्याच्या नजरेनं मागणीची रेघ आडवी आहे, आणि म्हणून त्याचा हिशोब अगदी बरोबर आहे की जेवढं जास्त पिकवीन तेवढा जास्त पैसा.

पण अख्ख्या बाजाराची टोमॅटोची मागणी आडवी नाही, ती बरीच उभट आहे, कमी लवचीक. दर निम्म्यावर आला म्हणून कुणी टोमॅटो दुप्पट खात नाही, पोट तेवढंच. मग काय होतं बघा, दर बघून सगळ्यांनीच लावले. समजा गेल्या वर्षी एकाचे १०० कॅरेट ३०० नं गेले, ३०,००० आले. यंदा पाऊसपाणी झकास, १३० कॅरेट निघाले, पण सगळ्यांचेच निघाले, दर आला १५० वर. १९,५०० मिळाले. माल ३० टक्के जास्त, तोडणीची मजुरी जास्त, गाडीभाडं जास्त, आणि हातात साडेदहा हजार कमी. पीक चांगलं आलं आणि माणूस बुडाला. रस्त्याकडेला टोमॅटो ओतलेले फोटो आपण दरवर्षी बघतो आणि "शेतकऱ्याला अक्कल नाही का, सगळे एकच का लावतात" असलं काहीतरी टाकून पुढं जातो, तेव्हा हे लक्षात ठेवा की प्रत्येकाचा हिशोब आपापल्या जागी बरोबरच होता.

आणि इथंच पहिल्या धड्यातला सूक्ष्म (एकट्या-दुकट्याचा हिशोब) आणि स्थूल (सगळ्यांचा मिळून हिशोब) हा भेद जिवंत होतो. ही दोन नावं रॅग्नर फ्रिश या नॉर्वेच्या अर्थशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये वापरात आणली एवढं एका मार्काला पुरतं, पण मुद्दा असा की एकट्याला जे खरं ते सगळ्यांची बेरीज केली की खरं राहीलच असं नाही. एकट्याच्या बाबतीत "बाजारभाव" ही इतर परिस्थिती कायम असते, सगळे मिळून हलले की ती कायम राहत नाही. परत तेच चार शब्द.

पुरवठ्याच्या धड्यात साठा आणि पुरवठा हा फरक येतो, तो सांगली जिल्ह्यातल्या पोरांना शिकवावा लागू नये खरं तर. हरिपूर-सांगलीवाडीकडं हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खड्डे, तोंड अरुंद, आत शेण-मातीनं लिंपलेलं, त्यात हळद भरून तोंड बंद केलं की वर्ष न् वर्ष टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, हवा कोंडलेली असते, हे आण्णा अजून बजावून सांगतात जसं काय आम्ही उद्या उतरणारच आहोत. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. तर पेवात बंद आहे तो साठा. त्यातली आजच्या दराला विकायची म्हणून सौद्याला काढली तेवढाच पुरवठा. समजा पेवात ५०० पोती आहेत, दर पडलाय म्हणून मालकानं एकही काढलं नाही, तर साठा ५०० आणि पुरवठा शून्य. दर चढला, २०० काढली, पुरवठा २००. साठा पुरवठ्यापेक्षा जास्त असू शकतो, पुरवठा साठ्यापेक्षा जास्त कधीच नाही. आज पेवाच्या जागी शीतगृह धरा आणि हळदीच्या जागी तासगावचा बेदाणा, गणित तेच. टोमॅटोवाल्याला ही सोय नाही, त्याचा साठा आणि पुरवठा एकच, कारण दोन दिवसांत माल नासतो, म्हणून दर पडला तरी त्याला काढावाच लागतो. द्राक्षवाल्याला निदान एक वाट आहे, खायच्या द्राक्षाला दर नसला तर बेदाणा करायचा. तेवढ्यानंच त्याचा पुरवठा टोमॅटोवाल्यापेक्षा लवचीक झाला.

बाकी धडे मी तिच्याकडनं पटापट घेतले, कारण ते समजायला अवघड नाहीत, फक्त कंटाळवाणे आहेत. निर्देशांकात, म्हणजे भाव किती वाढले ते मोजायच्या आकड्यात, लास्पेअर आणि पाशे या दोन पद्धतींची अदलाबदल होते तेवढं सांभाळायचं. लास्पेअर म्हणजे आजीची जुनी यादी, मूळ वर्षात जेवढं सामान आणलं तेवढंच आजच्या भावानं आणायला किती लागतील. पाशे म्हणजे आईची आजची यादी, तेच आजचं सामान मूळ वर्षाच्या भावानं किती पडलं असतं त्याच्याशी तुलना. यादी कुणाची एवढं लक्षात ठेवलं की सूत्रात कुठलं नगसंख्येचं अक्षर येतंय ते आपोआप कळतं. आणि बघा, यादी का धरून ठेवायची? किंमतीचा परिणाम वेगळा काढायचा म्हणून. नगसंख्या कायम असताना.

राष्ट्रीय उत्पन्नात दुहेरी मोजणी. साताऱ्याचा कंदी पेढा घ्या. गवळ्यानं ५० रुपयांचं दूध विकलं, त्याचा खवा ८० ला गेला, त्याचा पेढा १२० ला. तिन्ही बेरजा मारून २५० लिहिले तर दूध तीनदा मोजलं. एकतर शेवटचे १२० धरा, नाहीतर प्रत्येकानं घातलेली भर धरा, ५० अधिक ३० अधिक ४०, परत १२० च. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला अंदाज दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी केला होता, माणशी वर्षाला २० रुपये. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली जी राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली तिच्यात आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, हे नाव पोरं विसरतात, त्यांनी विसरू नये असं मला वाटतं.

परवा तिनं तो सोन्याचा प्रश्न परत लिहून दाखवला. असहमत, खाली तीन ओळीत नियमाची अट, मग उत्पन्न आणि भविष्यातल्या किंमतीचा अंदाज बदलल्यामुळं रेघ उजवीकडं सरकली असं, शेजारी आकृती. सगळं बरोबर. फक्त दोन रेघांपैकी आधीची कुठली आणि नंतरची कुठली ते लिहिलं नव्हतं आणि अक्षांना नावं दिली नव्हती. आण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "दर कुठला आन् पोती कुठली, लिव्ह की गं हितं."